पट्टीवरची हळद

खण शालनने स्वतः निवडला होता. निपाणीच्या पेठेत दुकानदार वैतागेपर्यंत तिने थप्प्या उलथ्यापालथ्या करायला लावल्या आणि तळाशी दडलेला वांगी रंगाचा, मोरपंखी काठाचा खण ओढून काढला. घरी आणून उजेडात धरला तेव्हा दिसलं, की काठात एक तांबडा दोरा चुकून शिरलाय आणि चार बोटं चालून पुन्हा गायब झालाय. दुसरी कुणी असती तर बदलून घ्यायला गेली असती. शालन म्हणाली, "असू दे. माणसालाबी तीळ असतोयच की."

तो कुणाच्या अंगाला लागणार, हे तिला ठाऊक नव्हतं. गावातल्याच कुठल्या तरी बाईने आपल्याला मोलाची वस्तू दिली आहे आणि तिचं नाव सांगायला कायद्याची बंदी आहे, एवढंच तिला माहीत. कायद्यात ओटीचं काही नव्हतं, ते बायकांनी आपलं आपण सुरू केलं. घेणारीने खण-नारळ उपकेंद्रात ठेवायचा, सिस्टरने तो देणारीच्या पदरात घालायचा. दोघींनी एकमेकींना विचारायचं नाही.

ही मोलाची वस्तू म्हणजे विरजण.

त्याचं असं झालं. तिशीपुढच्या प्रत्येक बाईने वर्षातून एकदा कापसाची काडी आपली आपण आत फिरवून उपकेंद्रात द्यायची, ही रीत आता गावात रुळली होती. सुरुवातीला बायका काडी पदराखाली लपवून न्यायच्या, आता दुधाच्या किटलीबरोबर हातात धरून न्यायच्या. शालननेही दिली, आणि त्या वर्षी रेश्मा सिस्टर उत्तर घेऊन स्वतः घरी आली. रेश्मा मुल्लाणी ह्याच गावात वाढलेली, त्यामुळे शालनला घाबरायची तेवढी घाबरायचीच.

"काकी, गर्भाशयाच्या तोंडाशी काही पेशी बदलल्यात."

"कॅन्सर म्हणायचं हाय का तुला? सरळ म्हण की."

"न्हाई हो. कॅन्सरच्या लई आधीची पायरी. आत्ता आवरलं तर तितंच थांबतंय. एक विषाणू असतोय, तो तितं ठाण मांडून बसतो आणि पेशींची चाल बिघडवतो. बहुतेकींचं अंग त्याला आपोआप हुसकून लावतं. एखादीच्यात तो ऱ्हातो."

"आणि तो येतो कुठनं?" शालनने खुर्चीत बसलेल्या मालकांकडे बघत विचारलं. मालक पेपरात आणखी खाली बुडाले.

"काकी, हा बहुतेक सगळ्यांना कवा ना कवा होऊन जातो. तुमचा तरुणपणातलाबी असंल. कुणाच्या नावानं बिल फाडण्यात अर्थ न्हाई."

मालकांनी निवांत पान उलटलं.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तापवलेल्या बोथट टोकाने तो भाग भाजून काढला. पोटात कळ आली न आली तोवर झालंसुद्धा. पण खरं काम पुढेच होतं. भाजलेल्या जागेच्या आजूबाजूला विषाणू लपून राहू शकतो आणि पेशी पुन्हा वाकड्या चालीला लागू शकतात, म्हणून पुढची काही वर्षं नजर ठेवावी लागते. पूर्वी त्यासाठी बायांना पुन्हा पुन्हा तालुक्याला बोलवायचे. बाया जायच्या नाहीत. तंबाखूची खुडणी, पोरीचं बाळंतपण, पाव्हणेरावळे, आणि त्या टेबलावर चढायची लाज. ज्या गेल्या नाहीत त्यांतल्या काही फार उशिरा गेल्या.

म्हणून शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. बाई येत नसेल, तर पहारेकरीच तिच्यात ठेवून द्यावा. दूध आंबवून दही करणारे जे जिवाणू असतात, त्यांचेच भाऊबंद बाईच्या अंगातही असतात. ते तिथे आंबटपणा राखतात आणि नको त्यांना घर करू देत नाहीत. जिच्या अंगाने विषाणू स्वतःहून हुसकून लावला, अशा बाईतले हे जिवाणू घ्यायचे आणि प्रयोगशाळेत वाढवायचे. मग त्यांना एक कसब शिकवायचं: शेजारची पेशी बिघडायला लागली, की निळा रंग सोडायचा. सगळं ठीक असेल तर फिकट पिवळा. लघवीत बुडवलेल्या कागदाच्या पट्टीवर तो रंग रेघेसारखा उमटतो. पिवळी रेघ म्हणजे पहारेकरी जागा आहे. निळी म्हणजे दवाखाना गाठा. रेघच नाही म्हणजे पहारेकरी पळाला किंवा मेला. आणि ते जिवाणू परमुलखातले असून चालत नाही. तेच पाणी प्यालेल्या, तेच अन्न खाल्लेल्या बाईतले असले तर मुक्काम करतात, नाहीतर आठवड्यात गाशा गुंडाळतात.

शालनची सून सानिका हे सगळं फोनवर ऐकून सासूला समजावत होती. शालनने तिला मधेच थांबवलं.

"विरजण म्हण की गं. येवडं लांबण कशाला लावतीस?"

तेव्हापासून गल्लीत त्याला विरजणच म्हणायला लागले. आठवड्यातून एकदा रात्री निजताना एक गोळी आत ठेवायची, पंधरवड्याला पट्टी बुडवायची. सानिकाने फोनने पट्टीचा फोटो काढायचा, की तो आपला आपण उपकेंद्रात पोचायचा. शालनची पहिलीच पट्टी हरभऱ्याच्या डाळीसारखी पिवळी आली.

आता विरजण म्हटल्यावर शालनच्या दह्याबद्दल सांगायलाच हवं. तिचं दही सुरीने कापावं असं लागायचं. सकाळी तिच्या दारात वाट्या घेऊन बाया यायच्या आणि ती चमचा-चमचा विरजण अशी वाढायची, जणू जहागिरी वाटून देतेय. ते विरजण सासूचं. वाटण्या झाल्या तेव्हा म्हातारीने गडू उचलून थोरलीच्या कट्ट्यावर ठेवला होता. धाकटीला काही मिळालं नाही.

धाकटी म्हणजे हौसा, शालनची जाऊ. दाराला दार लागून, मधे छातीएवढी भिंत. हौसाने विरजण माहेरहून आणलं, एसटीतून, डब्याला फडकं बांधून. ते इथल्या दुधाला कधी मानवलंच नाही. तिच्या दह्यावर नेहमी बोटभर पाणी तरंगायचं. तिने शालनकडे कधी वाटी पुढे केली नाही आणि शालननेही कधी म्हटलं नाही, की घे. सकाळी भिंतीवरून ते पाणी दिसलं, की शालनचा दिवस बरा जायचा.

कारण बाकी कशातच हौसा तिला बरं वाटू द्यायची नाही. पन्नाशी आली तरी वेणी मनगटाएवढी. कधी शिंक नाही की कधी अंगदुखी नाही. मुलगा परगावी, पण रोज संध्याकाळी त्याचा फोन आणि मग भिंतीपलीकडून खळखळून हसणं. शालनचा मुलगा घरातच होता आणि दिवसात चार शब्द बोलायचा, तेही जेवणात मीठ कमी असलं तर.

भावकीतल्या लग्नाची हळद होती. मांडवात बाया जमल्या होत्या. हौसा नवरीच्या हाताला हळद लावायला वाकली, तिचा पदर सरकला आणि शालनची नजर तिच्या दंडावर गेली. वांगी रंग, मोरपंखी काठ. असेल, असे खण असतात. शालन हळदीची वाटी घ्यायच्या निमित्ताने पुढे सरकली. बाहीच्या काठात तांबडा दोरा शिरला होता आणि चार बोटं चालून गायब झाला होता.

तिच्या हातातली वाटी कलंडली.

"अक्का, बरं न्हाई वाटत काय?" हौसाने विचारलं.

"मला काय धाड भरलीया?" शालन म्हणाली आणि जेवणाची पंगत बसायच्या आधीच घरी आली.

दुपारभर ती ओसरीवर बसून राहिली. हौसाचं. इतके दिवस आपल्या अंगात हौसाचं होतं. विषाणू दोघींच्याही वाट्याला आला होता म्हणायचा. हौसाच्या अंगाने त्याला माशीसारखा झटकला आणि शालनच्या अंगाने त्याला पाट मांडून बसवलं. आणि आता तिचे पहारेकरी हिच्या राखणीला. अख्ख्या गल्लीला विरजण देणाऱ्या बाईला शेवटी विरजण घ्यावं लागलं, तेही जिच्या दह्यावर पाणी तरंगतं तिच्याकडून. दुसऱ्या कुणाचं असतं तर शालनने डोक्यावर घेतलं असतं. वाण्याच्या बायकोचं चाललं असतं. शत्रूचंही चाललं असतं.

तिला वाटलं, ज्या घरचं विरजण त्या घरची चव. आज हौसाचे जिवाणू आलेत, उद्या हौसाचं हसू येईल, परवा आपण भिंतीवर रेलून लोकांशी गोड बोलायला लागू.

त्या आठवड्याची गोळी तिने उकिरड्यात टाकली. पुढचीही. पट्टीवरची रेघ फिकी होत गेली आणि एके दिवशी कागद कोरा निघाला.

"आत्या, झाली का पट्टी? फोटो काढते," बाहेरून सानिका म्हणाली.

"थांब जरा. माणसाला लघवीबी सुखानं करू देत न्हाईत."

शालन मोरीतून स्वयंपाकघरात गेली. मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद पाण्यात कालवली, उदबत्तीच्या काडीने कोऱ्या पट्टीवर रेघ ओढली आणि फुंकर मारून वाळवली. रेघ अशी सुबक आली, की पहारेकऱ्यालाही जमली नसती. फोनने फोटो घेतला, क्षणभर विचार केला आणि गोड आवाजात म्हणाला, सगळं छान आहे, काळजी घ्या.

"बघितलंस? तुझ्या फोनला कळतंय तेवढंच," शालन म्हणाली. सानिकाला वाटलं, सासू फोनचं कौतुक करतेय.

पावसाळाभर शालनने पट्ट्या हळदीने रंगवल्या. उघड्यावर पडलेल्या घरासारखं तिचं अंग होतं आणि ती दारात बसून वाट्यांत विरजण वाढत होती. भिंतीपलीकडे हौसा तो खण कधी बाजाराला, कधी देवळाला घालून जायची, आणि शालनला तो दरवेळी नव्याने टोचायचा.

दिवाळीआधी उपकेंद्रात जुन्या पट्ट्या जमा करायच्या होत्या. शालनने पुडकं ऐटीत रेश्मासमोर ठेवलं. सानिका सोबत होती. रेश्माने एकेक पट्टी काचेवर मांडली आणि बाटलीतल्या पाण्याचे थेंब टाकायला लागली.

"हे काय आणि?" शालनने विचारलं.

"सोड्यासारखं क्षाराचं पाणी असतंय, काकी. खरा रंग असला तर तसाच ऱ्हातो. फोनची नजर कवा चुकली तर ह्यात कळतंय."

पहिल्या काही पट्ट्या पिवळ्याच राहिल्या. पुढची पट्टी तांबडी झाली. तिच्या पुढचीही. काचेवर लालभडक रेघांची रांग लागली.

रेश्मा चक्रावून बघत राहिली. "ह्या पट्टीला तांबडा रंग येतच न्हाई. निळा येतो, पिवळा येतो. तांबडा मी कवाच..."

तिने पट्टी नाकाशी नेली आणि तिचा चेहरा बदलला. सानिकाने सासूकडे बघितलं. शालन खिडकीबाहेर बघत होती. हळदीत क्षार पडला की कुंकू होतं, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? आजीच्या हाताखाली तिने कुंकू करायला मदत केलेली होती. पण इथे, ह्या बाटलीत ते दडून बसलं असेल, हे तिच्या ध्यानी आलं नव्हतं.

"आत्या," सानिका हळू आवाजात म्हणाली, "कधीपासून?"

"लग्नापासनं."

"कुणाच्या लग्नापासनं?"

शालन पदर सावरून दाराकडे चालू लागली.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बघितलं, नमुना तपासायला पाठवला आणि अहवाल आल्यावर तिला समोर बसवलं. पेशी पुन्हा बिघडल्या होत्या, आधीपेक्षा मोठ्या भागात आणि जास्त. आता भाजून भागणार नव्हतं. तारेच्या गरम फासाने तेवढा भाग कापून काढायचा. कॅन्सर अजून नाही.

"आणखी एखादं वर्ष असंच गेलं असतं तर मी 'अजून' म्हणू शकले असते की नाही, सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "कापल्यावर जखम भरली की पुन्हा पहारेकरी लागतील. ह्या वेळी ताजे लागतील, साठवणीतल्यांचा जोर उतरलाय. देणारीला पुन्हा यावं लागेल. तिने हो म्हटलं तर."

"आणि न्हाई म्हटलं तर?"

"तर दुसरी जुळणारी शोधायची. सापडेल, पण लवकर सापडेलच असं नाही. तोवर तुम्हाला इथे तपासणीला यावं लागेल. न चुकता."

 घरापाशी गाडीतून उतरल्यावर शालन आपल्या दारात न शिरता हौसाच्या दारात गेली. वाटण्या झाल्यापासून ती त्या उंबऱ्याच्या आत गेली नव्हती. हौसा ओसरीवर मेथी निवडत होती. तिने पाटाकडे हात केला. शालन उभीच राहिली.

"तू दिलंयस, हे मला ठाऊक हाय," शालन म्हणाली. "खण बघितला मी तुझ्या अंगावर."

"व्हय. बघावास म्हणूनच शिवला."

"तुला कुणी सांगितलं, मीच धाडला म्हणून?"

"सांगायला कशाला पाहिजे? वटीत गुळाचा खडा विड्याच्या पानात बांधून वर लवंग टोचलेली. सासूबाईंची रीत. ह्या गावात ती दोघींनाच येती, आणि मी काय माझी वटी भरणार न्हाई." हौसाने काडी मोडून टोपलीत टाकली. "अक्का, ह्या घरात येऊन माझा जलम गेला. तू मला कवा हातभर कापड दिलं न्हाईस. दिलंस तेबी मी हाय हे ठाऊक नसताना. मग मी मिरवायचं न्हाई? लग्नात मुद्दाम तुझ्या पुढ्यात वाकले मी."

शालनने टोपलीबाहेर पडलेली मेथीची काडी उचलून आत टाकली.

"पुना लागणार हाय," शेवटी ती म्हणाली. "कापणार हायत. मग ताजं लागंल."

"का? पयलं कुठं गेलं?"

"टाकलं."

"कुठं?"

"उकिरड्यात."

हौसाचे हात थांबले. 

"मी दोनदा गेले तालुक्याला," हौसा म्हणाली. "त्या टेबलावर झोपले. मला तसली सवय न्हाई, अक्का. लाजेनं डोळं मिटून घेतलं. कुणाचा तरी जीव वाचंल म्हणून गेले. आणि तू उकिरड्यात टाकलंस. माझं हाय म्हणून?"

"व्हय. तुझं हाय म्हणून."

"खोटं तरी बोलायचंस."

"खोटं बोलूनच हितवर आले."

हौसाने मेथी पुढे ओढली. निवडलेलीच पुन्हा निवडली.

"तुला काय कमी हाय गं, माझ्याकडं बघून जळायला?" तिने विचारलं. "सकाळी तुझ्या दारात वाट्यांची रांग लागती, ती मी आतनं बघत बसते. एकजण चुकून माझ्या दारात येत न्हाई. येऊन काय नेणार, पाणी?"

शालनला हे ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही वाटलं. आधी बरं वाटलं, हे खरं.

"मी न्हाई म्हटलं तर?" हौसाने विचारलं.

"तर न्हाई. दुसरी कुणी घावंल तवा घावंल. हातापाया पडायला मी आले न्हाई."

"मग कशाला आलीस?"

"विचारायला आले. कायदा नगं म्हणतोय, तरी तोंडानं विचारायला आले. येवडं पुरं न्हवं?"

हौसाच्या गालात हसू आलं, ते तिने गिळलं. "देईन मी. पण ह्या बारीला वटी रेश्माच्या हातनं घेणार न्हाई. हितं येऊन भर, माझ्या दारात. सकाळी. वाट्या घेऊन बाया येत्यात तवा."

शालन तशीच वळली. उंबऱ्याशी थांबून म्हणाली, "लई चढेल झालीस."

"कुणाच्या संगतीत?" मागून हौसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाट्या घेऊन आलेल्या बायांना शालन दारात दिसली नाही. ती हौसाच्या अंगणात होती, डोक्यावर पदर, हातात सूप, आणि तोंड असं, जणू कुणी कडू काढा पाजलाय. बाया वाट्यांसकट भिंतीपाशी जमल्या. शालनने धाकट्या जावेला हळदीकुंकू लावलं, तांदूळ, नारळ, खण तिच्या पदरात घातला, पानात बांधलेला गुळाचा खडा वर ठेवला. मग सुपाच्या कोपऱ्यातून झाकलेली वाटी काढली.

"ह्ये वटीतलं न्हाई. ह्ये येगळं. सासूबाईंच्या गडूतलं हाय. कोमट दुधाला लाव, कडकडीत नगं. तुझ्या दह्याचं पाणी बघवत न्हाई मला."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं आणि ते दोघींनाही ठाऊक होतं.

फास लावून भाग काढला, जखम भरली, ताज्या गोळ्या आल्या. शालन आता दर आठवड्याची गोळी ठेवते, तोंड वाकडं करून, पण ठेवते. तालुक्याला तपासणीलाही जाते. एसटीत शेजारी हौसा असते आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं हसते. मागच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून बघून सांगितलं, जागा स्वच्छ आहे, पण नजर सोडायची नाही.

एके दिवशी सकाळी शालन पट्टी वाळत घालून ओसरीवर आली, तेव्हा वाण्याची बायको वाटी घेऊन येताना दिसली. शालनने गडूचं झाकण काढलं. वाण्याची बायको तिच्या दारावरून पुढे गेली आणि हौसाच्या दारात उभी राहिली.

"हौसाकाकी, तुमचं हल्ली लई गोड लागतंय म्हणं. चमचाभर द्या."

शालनचा जळफळाट झाला, जुना, ओळखीचा. काल भिंतीवरून आलेलं वाटीभर दही तिनेही चाखलं होतं. तिच्याच गडूतलं, पण हौसाच्या म्हशीच्या दुधात खरंच गोड झालं होतं. तिने वाटी चाटूनपुसून संपवली होती आणि भिंतीपलीकडे ओरडून सांगितलं होतं, की आंबट हाय.

"आत्या," सानिका पट्टी धरून बाहेर आली. "पिवळी आलीय. एकदम पिवळी." मग सासूच्या चेहऱ्याकडे, भिंतीकडे आणि परत पट्टीकडे बघून तिने आवाज खाली आणला. "हळद नाही ना?"

शालनने गडूवर झाकण दाबून बसवलं.

"तुझ्या सासऱ्याच्या पानाच्या डबीत चुना हाय," ती म्हणाली. "आण आणि टाकून बघ."